सामना संपल्यावर सुटणारी बस

आम्ही नवरा-बायकोंनी तीन वर्षांत फुटबॉलचे चौदा-पंधरा सामने पाहिले आणि त्यांतला एकही शेवटपर्यंत पाहिला नाही. बसची वेळ जवळ आली की मी हिच्या कोपराला हात लावायचो, ही लगेच पिशवी उचलायची आणि आम्ही रांगेतल्या लोकांना “जरा पाय घ्या, जरा पाय घ्या” करत बाहेर पडायचो. मागून कोणीतरी हमखास म्हणायचं, “काका, गॅस चालू राहिला का?” पुण्यात मधूनच उठून निघालेल्या माणसाला निरोप असाच मिळतो.

स्टेडियम शहराच्या पश्चिमेला, महामार्गाला लागून. आमचं घर धायरीत. स्टेडियमच्या फाटकापासून बसथांबा दीड किलोमीटर, आणि तो रस्ता म्हणजे सर्व्हिस रोडची कड. फुटपाथ आहे, पण त्यावर केबलची भेंडोळी, पाणीपुरीची गाडी आणि कोणाची तरी कायमची लावलेली टेम्पो ट्रॅव्हलर असे तिघं आधीपासून राहतात. धायरीकडे जाणारी शेवटची सरळ बस सामना संपायच्या आधीच सुटायची. ती चुकली की दोन बस बदलायच्या, नाहीतर रिक्षावाल्यांची मनधरणी करायची. धायरी म्हटलं की रिक्षावाले असे दुसरीकडे बघतात, की आपण त्यांना चंद्रावर चला म्हणतोय असं वाटावं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मी स्कूटर सोडली होती. हिचे गुडघे दुखत होते. दीड किलोमीटर चालायला हिला अर्धा तास लागायचा, म्हणून आणखी आधी निघायचं.

फुटबॉल हिचा, माझा नाही. ही सदाशिव पेठेतल्या एका मुलींच्या शाळेत सव्वीस वर्षं खेळाची शिक्षिका होती. शाळेला मैदान नव्हतं, नुसतं फरशीचं अंगण होतं, आणि त्या अंगणात हिनं मुलींना फुटबॉल शिकवला. खिडक्यांच्या काचा फुटल्या, पालक येऊन भांडले, मुख्याध्यापिकांनी लंगडीवर समाधान मानायला सुचवलं. ही ऐकणाऱ्यांतली नव्हती. हिच्या हाताखालून शेकड्यांनी मुली गेल्या. कोणी डॉक्टर झाली, कोणी बँकेत लागली, आणि एक अजून खेळते. ती आता शहरातल्या एका चांगल्या संघाची गोलरक्षक आहे. शाळेत असताना ही मुलगी चेंडू अंगावर आला की खांबामागे लपायची. हिनं तिला तिथून ओढून काढलं आणि दोन दप्तरांच्या मध्ये उभं केलं.

तेव्हा सामना बघायला जायचं म्हणजे त्या मुलीला बघायला जायचं. चेंडू पलीकडच्या टोकाला असला की सगळे तिकडे बघायचे, आणि ही अलीकडच्या टोकाला एकट्या उभ्या असलेल्या मुलीकडे. “आता बघा, दोन पावलं पुढे येईल,” असं पुटपुटायची, आणि ती यायची. मी हिच्याकडे बघायचो. मला फुटबॉलमधलं फार कळत नाही, पण हिच्या चेहऱ्यावरून किती-किती झालेत ते सांगू शकतो.

गेल्या हंगामात एकदा आम्ही असेच मध्येच निघालो. फाटकाबाहेर पन्नासेक पावलं गेलो असू. मागे सगळं एकदम शांत झालं आणि मग अख्खं स्टेडियम ओरडलं. ही थांबली.

“पेनल्टी होती,” ही म्हणाली. “तिनं अडवली.”

“तुला काय माहीत?”

“गोल झाला असता तर ओरडणं वेगळं असतं.”

ही वळली आणि फाटकाकडे चालायला लागली. तिथल्या सुरक्षारक्षकानं हात आडवा केला. “एकदा बाहेर गेलेल्याला परत आत नाही सोडत, आजी.” आजी म्हटलेलं हिला अजिबात चालत नाही, दुकानदार असो की डॉक्टर, ही लगेच सुनावते. त्या दिवशी हिनं काहीच सुनावलं नाही. मुकाट्यानं परत फिरली. बसमध्ये आम्हाला बसायला जागा मिळाली आणि वारज्याचा पूल येईपर्यंत ही मागे वळून बघत होती.

मला लाज वाटली. एरवी मला चटकन लाज वाटत नाही, पण त्या दिवशी वाटली. एकतीस वर्षं मी शहराच्या बस खात्यात वेळापत्रकाच्या टेबलावर काढली. कुठल्या थांब्यावर कुठली बस किती वाजता यायची, हे मी ठरवायचो. ती प्रत्यक्षात किती वाजता यायची यावर आमच्याकडे विनोद होते, पण कागदावर मी अर्ध्या शहराला घरी पोचवायचो. आणि माझ्या बायकोला सामन्याची शेवटची काही मिनिटं मिळत नव्हती. घरी आल्यावर मी चहा टाकला आणि कपाटातून कोरी वही काढली. सामना संपल्यावर सुटणारी बस आणायची, हे तेव्हाच ठरलं.

आमच्या खात्यात नवी फेरी मागायला येणाऱ्याला एकच प्रश्न विचारायची रीत होती: माणसं मोजली का? नगरसेवक असोत की सोसायटीचे अध्यक्ष, माणसं मोजली नसतील तर कागद पुढे सरकायचा नाही. मी स्वतः किती जणांना या प्रश्नावर परत पाठवलं असेल. आता मोजायची पाळी माझी होती. पुढच्या तीन सामन्यांना आम्ही तासभर आधी गेलो. ही आत जाऊन जागा धरायची आणि मी फाटकाशी वही घेऊन उभा राहायचो. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. कुठून आलात, कशानं आलात, परत कसे जाणार.

पहिल्या दिवशी लोकांना मी वेडा वाटलो. केसांना जांभळा रंग लावलेली एक मुलगी म्हणाली, “काका, ॲप काढताय का?”

“नाही. बस काढतोय.”

“बस? सीरियसली?” तिनं मागच्या मैत्रिणींना हाक मारली. “ए, हे बघा, काका आपल्यासाठी बस काढतायत.” त्या सगळ्या कोथरूडमध्ये खोली घेऊन राहणाऱ्या, अमरावती-अकोल्याकडून शिकायला आलेल्या. एका दुचाकीवर तिघी आलेल्या. मी त्यांच्या रेघा मारल्या. मग धायरीतलीच दोन कुटुंबं भेटली, वडगावचे काही, कंपनीतून परस्पर आलेले काही. तिसऱ्या सामन्यापर्यंत लोक आपणहून येऊन सांगायला लागले, “काका, आम्ही चौघं, धायरी फाटा, लिहा.”

आयोजकांच्या कचेरीत गेलो तर तिथला तरुण अधिकारी म्हणाला, “पण सर, आपण पार्किंग केवढं मोठं दिलंय.”

“ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी पार्किंगमध्ये जाऊन काय करायचं?”

“ते लोक कॅबनं येतात ना.”

मी वही उघडून त्याच्यासमोर ठेवली आणि खुर्ची ओढून बसलो. मला घाई नव्हती, त्याला होती. तासाभरानं त्यानं कबूल केलं की बस आली तर तिला फाटक क्रमांक तीनच्या समोर, आतल्या रस्त्यावर उभं राहू देऊ आणि सूचना लावू. मला दीड किलोमीटर कमी झालं हे पुरेसं होतं.

उरली बस. गाड्या कमी आहेत हे उत्तर मिळणार हे मला ठाऊक होतं, कारण एकतीस वर्षं ते मीच देत होतो. म्हणून मी आधी गाड्या शोधल्या. दुपारपाळीच्या कामगारांना महामार्गापलीकडच्या कंपन्यांत सोडून काही बस रिकाम्याच परत यायच्या, स्टेडियमच्या समोरूनच जायच्या, आणि संध्याकाळच्या ड्युटीपर्यंत डेपोत नुसत्या उभ्या राहायच्या. सामने शनिवारी असायचे. दोन शनिवार मी सर्व्हिस रोडला उभं राहून त्यांचे नंबर लिहून घेतले.

डेपोच्या अधिकारी बाई कधीकाळी माझ्या हाताखाली कारकून म्हणून लागल्या होत्या. मला दारात बघून त्यांनी पेन खाली ठेवलं.

“सर, तुम्ही रिटायर झालात असं ऐकलं होतं.”

“झालो. सुटलो नाही.”

त्यांनी वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. मध्ये मान वर करून म्हणाल्या, “माणसं मोजलीत.” मग बसचे नंबर बोट ठेवून एकेक तपासले. “ठीक आहे. एक सामना, दोन गाड्या. एक कोथरूडवरून पेठांत, एक धायरीला. चाचणी म्हणून. गाड्या रिकाम्या परतल्या तर पुन्हा या दारात यायचं नाही.”

“चहालासुद्धा?”

“चहाला या. वही घरी ठेवून.”

सुटण्याची वेळ लिहून अर्ज मी तिथेच भरला. हिला दाखवला नाही. कागद मंजूर होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, ही कचेरीची सवय. मंजुरीचा फोन आल्यावर मी फक्त एवढंच म्हणालो, “या शनिवारी शेवटपर्यंत बसू. बस आहे.” ही माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “खरंच?” नंतर दिवसभर ही घरात गुणगुणत होती.

त्या शनिवारी सामना चारला सुरू झाला. हिनं नवी साडी नेसली होती, फुटबॉलला. मध्यंतरात मी नेहमीसारखा चहाच्या रांगेत जाऊन दोन कप घेऊन आलो, तेवढ्यात कर्ण्यावरून सूचना झाली. सामन्यानंतर प्रेक्षकांसाठी बस, फाटक तीनसमोरून, ठीक पाच वाजून चाळीस मिनिटांनी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी जरा ताठ बसलो.

हिनं कप घेतला नाही. “पाच-चाळीस?”

“हो. सामना संपल्यावर दहा मिनिटं चालायला ठेवलीत.”

“सामना सुरू किती वाजता झाला?”

“चारला.”

“सामना किती मिनिटांचा?”

“नव्वद. एवढं मलाही कळतं.”

“मग आता आपण इथे चहा पीत काय करतोय?”

“मध्यंतर आहे—” मी म्हणालो, आणि पुढचं वाक्य तोंडातच राहिलं.

वेळापत्रकाच्या विभागात धावण्याची वेळ भरणं हे माझं टेबल होतं. गाडीची विश्रांती, ड्रायव्हरचा चहा, शेवटच्या थांब्यावरचं थांबणं, हे सगळं डावीकडच्या टेबलाचं. एकतीस वर्षं मी माझा रकाना भरला आणि कागद डावीकडे सरकवला. अर्ज भरताना नव्वद मिनिटं भरली, चालायची दहा भरली आणि कागद सरकवला. या वेळी डावीकडे कोणी नव्हतं. सामन्याचा शेवट मी कधी पाहिला नव्हता, निघायची वेळ बसवरून ठरवायचो आणि मध्यंतरात रांगेत असायचो. पंधरा मिनिटांचं मध्यंतर, आणि शेवटी वाढवून देतात ती मिनिटं, हे सगळं मी गिळून टाकलं होतं. म्हणजे बस निघणार तेव्हा इथे सामना रंगात असणार. हिला पुन्हा उठावं लागणार, नाहीतर बस रिकामी जाणार. आणि रिकामी गेली की संपलंच.

“तू बस,” मी हिला म्हणालो. “काही झालं तरी उठू नकोस.”

“अहो, पण—”

“बस म्हटलं ना.” असं मी हिच्याशी सहसा बोलत नाही. ही बसली.

फाटक तीनसमोर दोन्ही बस येऊन उभ्या होत्या. धायरीच्या बसचा ड्रायव्हर दारात बसून टोमॅटो कापून भाकरीबरोबर खात होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे घास संपवला.

“माझं काय जातंय थांबाया? पर कार्डावर पाच-चाळीस हाय, सायेब. गाडीला यंत्र बसवलंय, वर समदं दिसतंय. हलली न्हाय की मेमो माझ्या नावावर.”

त्याचं बरोबर होतं. असे मेमो मी पाहिले होते. मी अधिकारी बाईंना फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला.

“मॅडम, सुटायची वेळ चुकलीय. सहा करून हवी आहे.”

“कोणी चुकवली?”

“मी. मध्यंतर धरलं नाही.”

“सर,” त्या म्हणाल्या, “माझ्या एका कागदात तीन मिनिटांचा फरक होता म्हणून तुम्ही सगळ्या विभागासमोर लाल शाईनं गोल केला होता. आठवतं?”

“आठवतं. आता तुम्ही माझ्या अर्जावर करा. पण दोन्ही गाड्या थांबवा.”

“धायरीहून त्या गाडीची पुढची फेरी सव्वासातला आहे. ती एक मिनिट उशिरा गेली तर ते लोक मला विचारतील, फुटबॉलवाले नाही.”

“सहा म्हणजे सहा. सहा-एक नाही. लेखी देतो.”

“द्या,” त्या म्हणाल्या. मी ड्रायव्हरच्या कार्डाच्या पाठीमागे चूक माझी आहे असं लिहिलं, सही केली, फोटो काढून पाठवला. दोन मिनिटांत दोन्ही ड्रायव्हरांचे फोन वाजले. धायरीवाल्यानं ऐकलं, “व्हय मॅडम” म्हणाला आणि राहिलेला टोमॅटो माझ्यापुढे केला. मी खाल्ला.

आता माझ्यापुढे दुसरंच संकट उभं राहिलं. कर्ण्यावरून वेळ बदलून सांगायचं मला सुचलंच नव्हतं, आणि सूचना ऐकलेले लोक साडेपाचला बाहेर यायला लागले. त्या कोथरूडच्या मुली सगळ्यांत पुढे. “काका, पाच-चाळीस ना?”

“सहा. लिहिणारा गाढव होता. परत आत जा.”

फाटकावर तोच सुरक्षारक्षक. बाहेर गेलेल्याला आत नाही. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. म्हणालो, नियम माझ्यामुळे मोडला गेला असं लिहून देतो, आज मी सगळ्यांना लिहूनच देतोय. माझ्यामागे तोवर तीस-चाळीस माणसं जमली होती आणि कोणीच हलत नव्हतं. त्यानं एकदा माझ्याकडे, एकदा गर्दीकडे पाहिलं, आणि तिकिटं बघून सगळ्यांना आत सोडलं. मी मात्र आत गेलो नाही. दहा मिनिटांत दोन गाड्या भरून काढायच्या होत्या. दोन्ही कंडक्टरना मी खाली उतरवलं, तिकिटं गाडीत नाही, दारात फाडायची, म्हणजे वेळ जात नाही. आतून आवाज येत होते. एकदा मोठ्ठा आवाज झाला आणि लगेच विरला. मला त्याचा अर्थ लावता आला नाही. हिला आला असता.

पाच-पन्नासला फाटकातून माणसांचा लोंढा आला. पेठांची गाडी बघता बघता भरली. धायरीची पण भरली, मधल्या जागेत माणसं उभी राहिली. कोणीतरी म्हणालं, हरले, शेवटच्या मिनिटाला गोल खाल्ला. पाच-पंचावन्न. ही दिसेना. पाच-अठ्ठावन्न.

“सायेब, सहाला काढणार मी,” ड्रायव्हर म्हणाला.

“काढा,” मी म्हणालो. शब्द दिला होता. मनात म्हटलं, ही नाही आली तर मी उतरतो, दोघं रिक्षा बघू, पण ही गाडी सहाला जाईल.

एक मिनिट राहिलं असताना ही फाटकातून आली. गोलरक्षक मुलगी हिचा दंड धरून चालत होती, अंगावर खेळातलाच चिखलाचा हिरवा शर्ट, डोळे लाल. गाडीच्या दारापर्यंत आली, हिला पायरीवर चढवलं आणि मला नमस्कार करून परत पळाली. बस सहाला सुटली. एका कॉलेजच्या मुलानं हिला जागा दिली, मी शेजारी दांडा धरून उभा राहिलो.

मी म्हणालो, “हरली ना. वाईट वाटलं.”

“गोल तिच्याच चुकीनं गेला,” ही म्हणाली. “पुढे यायला उशीर केला. शिट्टी वाजल्यावर सगळ्या निघून गेल्या आणि ती तिथेच उभी. मी कठड्याशी गेले. मला बघून आली आणि रडायला लागली. मला वाटलं, हरली म्हणून रडतेय.”

“मग?”

“म्हणाली, बाई, आज तुम्ही थांबलात. दर वेळी मध्येच उठून जाता. मी वर बघते तर तुमची जागा रिकामी. मला वाटायचं, माझा खेळ तुम्हाला बघवत नाही.”

गाडीनं गिअर बदलला. हिनं पदरानं नाक पुसलं.

“मी तिला सांगितलं, अगं, बस सुटायची. ती माझ्याकडे बघतच राहिली. तीन वर्षं, बाई? म्हणाली.”

माझे डोळे भरून आले होते आणि हात दांड्याला असल्यामुळे पुसता येत नव्हते.

“पुढच्या सामन्यालाही संपल्यावर कठड्याशी येईन म्हणालीय,” ही म्हणाली. “मी हो सांगितलंय.”

पुढच्या सामन्याची बस अजून मंजूर नव्हती. हे हिला माहीत होतं. सोमवारी डेपोचं फाटक उघडलं तेव्हा मी बाहेर उभाच होतो.